कोआटीच्या माद्या-पिल्लांच्या जमावाला काय म्हणावे?

पानोपानी: मध्य अमेरिकेतल्या जंगलावरचा मुलांसाठीचा मजकूर मराठीत करते आहे. कोआटीपाशी अडले. रॅकूनच्या कुळातला, लांब नाकाचा प्राणी. माद्या आणि पिल्ले मिळून १०-२० जणी शेपट्या काठीसारख्या उभ्या धरून दिवसभर पाचोळा उचकत हिंडतात, किडे आणि गळलेली फळे खातात. २ वर्षांवरचे नर मात्र एकेकटे राहतात. मी 'टोळी' लिहिले, तपासणाऱ्या बाईंनी 'कळप' केले. कळप म्हटले की मला त्यात नर दिसतो, आणि इथे तर नर नसणे हीच गोष्ट आहे. नेमका शब्द आहे का?

चिंचबन: कळप चरणाऱ्यांचा. आमच्याकडे वानरे चिंचेवर उतरली की आजी 'टोळी आली गं' म्हणून हाक द्यायची. टोळीच ठेवा.

जुने दप्तर: टोळीत नर येतोच. 'कबिला' घ्या. जुन्या मराठी पत्रांत कबिला म्हणजे घरची बायकामुले. लढाई जवळ आली की कबिले किल्ल्यावर पाठवत. तुमच्या माद्या-पिल्लांना याहून नेमका शब्द नाही.

देशीवाण: कबिला अरबी, आणि आजच्या मुलांना त्यातून हिंदी सिनेमातली वाळवंटी टोळीच दिसणार. 'लेकुरवाळी टोळी' म्हणा. खरे तर आधी 'कोआटी'च बदला. शास्त्रीय नाव नासुआ, तेही नाकावरूनच आलेले. मग 'नाकाड्या' का नको? सीताफळ अमेरिकेतून आले, त्याला आपण घरचे नाव दिलेच.

काजूबोंड: सीताफळ दिसते, मग काजू आणि अननस का दिसत नाहीत? हे दोन्ही दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांचे शब्द, पोर्तुगीजांबरोबर इकडे आले. कोआटीही त्याच घरचा. ब्राझीलचे लोक आजही 'क्वाती' म्हणतात. इंग्रजीतून फिरवून आणलेला 'ट' टाका आणि क्वाती लिहा. आपल्या मुंगसाला इंग्रजांनी नवे नाव शोधले नाही, होते तेच उचलले.

रानवाट: काजूबोंड यांच्याशी सहमत. ओळखीचे नाव चिकटवले की घोटाळा होतो. मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी या प्राण्याला 'तेहोन' म्हटले, म्हणजे त्यांच्या देशातला बॅजर. प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७६६ साली त्याला व्हिवेरा वंशात घातले, जवादी मांजराच्या पंगतीला. माझ्या मामेभावाने इग्वासू धबधब्यापाशी पर्यटकांच्या हातचे खाणे पळवणाऱ्या कोआटींचा फोटो 'उदमांजरे' म्हणून पाठवला आणि मीही मान डोलावली होती. आपले उदमांजर रात्री एकटे फिरते. हे भर दिवसा, घोळक्याने.

देशीवाण: उदमांजरातला उद कोणता? मी तो संस्कृत उद्र, म्हणजे पाणमांजर, यातला धरतो.

चिंचबन: आमच्या गावी तो धुपाचा ऊद मानतात, त्याच्या अंगाच्या वासावरून.

पानोपानी: थोडे मूळ प्रश्नाकडे या ना. आता नराचीही अडचण आली आहे. एकट्या नरांना लोक वेगळाच प्राणी समजत आणि 'कोआटीमुंडी' म्हणत. त्याचा अर्थ एकटा कोआटी असा सांगतात. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर जॉन कॉफमन यांनी केलेला कोआटींचा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. आता तो वेगळा प्राणी नव्हे, त्याच जातीचा वयात आलेला नर, हे पक्के आहे. या नराला 'एकलकोंडा' म्हणू?

जुने दप्तर: नको. एकलकोंडा हा स्वभाव झाला. हा नर पिल्ले मारून खाऊ शकतो, म्हणून माद्या त्याला हुसकतात आणि विणीच्या हंगामात काही आठवडेच जवळ येऊ देतात. 'एकांडा' म्हणा, एकांड्या शिलेदारातला. आणि कबिल्याचा विचार सोडू नका.

पानोपानी: एकांडा घेतला. कबिल्यावर मन बसत नाही, टोळीवर बाई मान्य होत नाहीत. पुढच्या ओळीत आणखी एक अडले आहे: गाभण मादी सुमारे ७७ दिवस भरत आले की बाकीच्यांना सोडून झाडावर काटक्यापानांचे काहीतरी रचते, तिथे विते आणि पिल्ले ५-६ आठवड्यांची झाली की त्यांना घेऊन खाली येते. त्याला 'घरटे' लिहिले तर मुलांना पाखरू वाटेल का?

रानवाट: शेकरूच्याही घरट्याला घरटेच म्हणतात ना? भीमाशंकरकडचे कुणी असेल तर सांगा.