अँटेना गच्चीवर, तरी संध्याकाळी चित्र फुटतं

प्रश्न:
गच्चीवर टीव्हीचा यूएचएफ अँटेना लावलाय. दुपारी सगळं स्वच्छ, पण दिवेलागणीला दोन चॅनलचं चित्र चौकोन-चौकोन होऊन गोठतं. परवा बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) जोडला, तर धड दिसणारा तिसराही गेला! काय करू?

उत्तर:
बूस्टर आधी काढा. एखादा प्रक्षेपण मनोरा जवळ असेल तर बूस्टरने सिग्नल फार जोरात येऊन ट्यूनर, म्हणजे टीव्हीतला सिग्नल पकडणारा भाग, गुदमरतो. जुन्या ॲनालॉग टीव्हीला मुंग्या आल्या तरी बातम्या कळायच्या. डिजिटलचा सिग्नल उंबरठ्याखाली गेला की एकदम काळोख. मध्ये स्प्लिटर, म्हणजे एका वायरच्या दोन करणारा जोड, आहे का?

प्रश्नकर्ता:
आहे. दुसरं तोंड मोकळंच. वायर जुनी.

दुसरं उत्तर:
मग दादा, तिथेच गळती! दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण ३.५ डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल. काढा तो. ७५ ओहमची आरजी-६ केबल थेट टीव्हीला जोडा. गच्चीवरचा जोडही उघडून बघा. माझ्याकडे आतली तार हिरवी पडली होती.

प्रश्नकर्ता:
उघडला. आतून पाणी ओघळलं हो! कनेक्टर बदलला, स्प्लिटर काढला, अँटेना बोटभर फिरवून पुन्हा स्कॅन केलं. काल रात्रीपर्यंत चित्र एकदाही फुटलं नाही. बूस्टर हवाय का कुणाला?