शब्दचर्चा: आरमॉनमधला ‘इव्हेंट’ ही घटना की वर्दी?

टिपणवाली:
नेटवर्कचं काम शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं करतेय. स्विचवर (नेटवर्कमधले संगणक जोडणारी पेटी) आरमॉनचे, म्हणजे रिमोट मॉनिटरिंगचे, अलार्म आणि इव्हेंट लावायच्या धड्यावर गाडी अडलीय. रिमोट मॉनिटरिंगला ‘दुरून देखरेख’ लिहिलं, ते खपलं. अलार्मला ‘गजर’ आणि इव्हेंटला ‘घटना’ लिहिलं, तर एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आधी घटना आणि मग गजर ना? इथे उलटं कसं?” मला उत्तर सुचलं नाही. थ्रेशोल्डचा (आकड्याने ओलांडायची मर्यादा) ‘उंबरठा’ केलाय, तोही खटकतोय.

स्विचवाला:
मुलगा हुशार आहे. आरमॉनमधला अलार्म वाजत नाही, तो पहाऱ्यावर बसतो. त्याला सांगायचं, ‘या पोर्टवरच्या (केबल लावायच्या खाचेवरच्या) चुकांचा आकडा दर ६० सेकंदांनी बघ. १५ किंवा वर गेला तर इव्हेंट क्रमांक १; आकडा ५ किंवा खाली आला तर क्रमांक २.’ आकडा पातळी ओलांडतो ही खरी घटना, आणि ती अलार्मच्याच पोटात घडते. इव्हेंट म्हणजे त्यानंतर काय करायचं याची आधीच लिहून ठेवलेली ओळ: नोंद कर, ट्रॅप (देखरेखीच्या संगणकाला निरोप) पाठव, दोन्ही कर किंवा गप्प बस. म्हणून मी ‘वर्दी’ म्हणेन, पोलिसात देतात तीच. शिकवतानाही आधी वर्दी लिहायला लावा, मग अलार्म, कारण अलार्ममध्ये वर्दीचा क्रमांक द्यावा लागतो.

आणि कृपा करून ट्रॅपचा ‘सापळा’ करू नका. एका मॅन्युअलमध्ये ‘स्विच सापळा पाठवतो’ असं वाचलंय. उंदीर कुठे ते शेवटपर्यंत कळलं नाही. युडीपी या निरोप धाडायच्या पद्धतीने १६२ क्रमांकाच्या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे खाच नव्हे, नुसता क्रमांक) जाणारा तो साधा निरोप, पोचसुद्धा मागत नाही.

नदीकाठचा:
उंबरठा नकोच. मराठीत उंबरठा माणसं ओलांडतात, आणि नवी सून ओलांडते तेव्हा माप लवंडतं. आकड्यांसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. पावसाळ्यात आमच्याकडे शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ असतात. रायझिंगला ‘चढती पातळी’, फॉलिंगला ‘उतरती पातळी’. ‘पाणी चढतंय’, ‘उतार लागला’ असंच बोलतो आम्ही.

टिपणवाली:
पातळी घेतली! पण दोन पातळ्या कशाला हे मुलांना पटत नाही. एकच का पुरत नाही?

स्विचवाला:
आकडा १४, १५, १४, १५ असा नाचत राहिला तर दर मिनिटाआड वर्दी येईल. म्हणून नियम असा की चढती वर्दी एकदा गेली की आकडा उतरत्या पातळीपर्यंत खाली आल्याशिवाय पुन्हा जायची नाही.

इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. एका गिऱ्हाईकाकडे उतरती पातळी मी ० ठेवली. केबल जुनाट, दर मिनिटाला एकदोन चुका ठरलेल्याच. सोमवारी वर्दी आली, कोणीतरी ‘बघू’ म्हणालं. त्यानंतर आठवडाभर शांतता, आम्ही खूश. प्रत्यक्षात चुका शंभरावर गेल्या होत्या, पण आकडा शून्यावर कधी आलाच नव्हता, त्यामुळे अलार्म तोंड मिटून बसला होता.

लाइटबिल:
‘डेल्टा’ आणि ‘ॲब्सोल्यूट’ला काय लिहिलंत? माझं मत: ‘वापर’ आणि ‘रीडिंग’. विजेच्या बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यातली वजाबाकी म्हणजे वापर. चुकांचा काउंटर मीटरसारखा वाढतच जातो. त्यावर रीडिंगने अलार्म लावला तर एकदा ओरडेल आणि बसेल. तिथे वापरच बघायचा. सीपीयूची टक्केवारी खालीवर होते, तिथे रीडिंग चालतं.

जुनाजाणता:
थोडी भर. आरमॉनचं पहिलं मानक १९९१चं, सध्याचं आरएफसी २८१९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकवार दस्तऐवज) मे २००० मधलं. त्यातले गट सहसा नऊ मोजतात, पण साध्या स्विचमध्ये बहुधा चारच सापडतात: आकडेवारी, इतिहास, अलार्म, इव्हेंट. टिपणात नऊही गट घालून मुलांना घाबरवू नका.

‘गजर’ला माझा विरोध आहे. गजर पहाटे उठवतो, नाहीतर हरिनामाचा असतो. धोका त्यात कुठेच नाही. अलार्म हा शब्द मुळात इटालियनमधल्या ‘शस्त्रं उचला’ या हाकेतून आलाय. तसंही पोरांना स्विचवर ‘अलार्म’च टाइप करायचंय. शब्द तोच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘पातळीवरचा पहारा’ असं फोडून सांगा. इव्हेंटचंही तेच. शब्द इव्हेंट, समजावताना वर्दी.

टिपणवाली:
पटलं. सगळ्यांचे आभार. एक राहिलं: अलार्म आणि इव्हेंट, दोन्हीकडे ‘ओनर’ असा रकाना असतो. मालक लिहू?

स्विचवाला:
मालक नको, पोरं तिथे कंपनीच्या साहेबांचं नाव टाकतील. ज्याने तो अलार्म लावला त्याचं नाव असतं ते. ‘कोणी लावला’ एवढंच लिहा.