मदत हवी आहे: सूर्याचा उभा व्यास कमी का भरतोय?

नमस्कार मंडळी,

मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने सूर्याचा आकार मोजायचं ठरवलंय. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्ताशी किंचित फुगलेला असणार, एवढं आम्ही वाचलं होतं.

दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला सोलर फिल्टर घट्ट बसवला, कॅमेरा जोडला आणि सकाळी सव्वाआठला २० फोटो काढले. सूर्य क्षितिजापासून साधारण १५ अंश वर होता. सरासरी आडवा व्यास २००४ पिक्सेल, उभा १९९६. लेक आनंदाने उडालीच! मला मात्र ८ पिक्सेल फार वाटले. कॅमेऱ्याचा दोष असेल म्हणून तो ९० अंशांत फिरवून पुन्हा फोटो काढले. तरीही आकाशातल्या उभ्या दिशेलाच कमी. आता नेमकं काय चुकतंय? प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलंय, जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

कॅमेरा फिरवलात हे उत्तम केलंत. नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीनेही हेच केलं: अख्खं यान स्वतःभोवती फिरवलं. यंत्राचा दोष यंत्राबरोबर फिरतो, सूर्याचा आकार जागेवर राहतो. २०१२ साली त्यातून व्यासांतला फरक जेमतेम १० किमी निघाला. तुमचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे ७०० किमी!

तुमचे ८ पिक्सेल हवेचे आहेत. हवेतून येताना प्रकाश वाकतो (अपवर्तन). क्षितिजाजवळ तो जास्त वाकतो, त्यामुळे सूर्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून तो उभ्यात दबतो. १५ अंशांवर हिशेब बरोबर तेवढाच येतो. भर दुपारी, सूर्य उंच असताना मोजा.

मुलीला हेही सांगा: १९६६ मध्ये रॉबर्ट डिकी आणि मार्क गोल्डनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांना वरच्या १० किमीच्या कितीतरी पट जास्त चपटेपणा मिळाला होता. चपटा सूर्य बुधाची कक्षा थोडी सरकवतो; म्हणून तो चपटेपणा खरा ठरता, तर त्या सरकण्यातले शतकामागचे ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धांताशी जुळले नसते. मोजमाप बारीक असलं तरी त्यावर केवढं अवलंबून होतं!

धागाकर्ती

मनापासून आभार! आज साडेबाराला मोजलं, फरक अर्ध्या पिक्सेलच्याही आत आला. लेक आधी हिरमुसली, मग म्हणाली, "आई, म्हणजे आपण हवा मोजली!" आता रविवारी साडेसातपासून दर अर्ध्या तासाला फोटो काढून उंची आणि चपटेपणाचा आलेख करणार आहे.