‘मॅचअप’ला मराठीत काय म्हणाल? जोड, फट की सूट?

तळटीपवाला
न्यू जर्सीतला माझा भाचा एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, हंगामात रोज संध्याकाळी ड्राफ्टकिंग्ज ह्या फँटसी खेळाच्या अ‍ॅपवर खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ लावतो. ५०,००० डॉलरचं काल्पनिक बजेट, त्यात ८ खेळाडू बसवायचे, आणि त्याच रात्रीच्या सामन्यांवर हिशेब संपला. ह्या प्रकारावर मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलो. त्याचं पेटंट वाक्य आहे, ‘आज ह्याला मस्त मॅचअप आहे.’ म्हणजे समोरच्या संघाचा बचाव ह्या खेळाडूसाठी सोयीचा आहे. मी ‘अनुकूल बचावात्मक सामना’ असं लिहून पाहिलं. सरकारी परिपत्रक वाटतं. कुस्तीतला ‘जोड’ चालेल का? आणि मॅचअप तो, ती की ते?

लाल माती
जोड चालेल काय, धावेल. जोड लावणे, जोड ठरवणे, तुल्यबळ जोड, सगळा संसार तयार आहे. फक्त ‘सोपी जोड’ नको, त्याला नुरा कुस्तीचा वास येतो. ‘हलकी जोड’ म्हणा.

कानामात्रा
लिंगाचं सोपं आहे. मॅच ‘ती’ असली तरी मेकअप केला, बॅकअप घेतला, तसा मॅचअप मिळाला. तो.

पहाटे साडेपाच
जोड हा शब्द छान आहे, पण इथे तो वाचकाला चुकीच्या ठिकाणी नेईल. आखाड्यात एकासमोर एक उभा असतो आणि निकाल लागेपर्यंत तोच असतो. एनबीएत एका खेळाडूवर रात्रभर एकच जण क्वचितच असतो. स्क्रीन लागली (म्हणजे आक्रमण करणाऱ्याच्या साथीदारानं मध्ये उभं राहून वाट अडवली) की बचाव करणारे आपापसात माणसं बदलतात. शिवाय २००१-०२ च्या हंगामापासून तिथे झोन बचावालाही (माणसाऐवजी जागा राखायला) मुभा आहे. त्यामुळे ‘अमक्यावर तमका असेल’ असं धरून संघ लावणारा बहुतेक वेळा फसतो. फँटसीवाले मॅचअप म्हणतात तेव्हा प्रश्न समोर कोण उभा आहे हा नसतोच. समोरचा संघ *काय सोडून देतो*, हा असतो.

रूडी गोबेरचंच बघा, हा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४ अशी चार वर्षं सर्वोत्तम बचावपटू. त्याची नेहमीची पद्धत म्हणजे स्क्रीन लागली तरी वर न येता बास्केटजवळ थांबायचं. बास्केटपर्यंत घुसून गुण करणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. पण ड्रिबल करता करता मधल्या अंतरावर थांबून फेकणाऱ्या गार्डला (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूला) तीच जागा मोकळी मिळते. संघ तोच, रात्र तीच, एकाला भिंत आणि दुसऱ्याला दार उघडं. ह्याला एकच ‘कठीण जोड’ कशी म्हणणार?

दुसरं म्हणजे इथे नुसते गुण मोजत नाहीत. ड्राफ्टकिंग्जवर प्रत्येक गुणाला १, तीन गुणांच्या प्रत्येक यशस्वी फेकीला वर ०.५, रिबाउंडला (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडायला) १.२५, असिस्टला (गुण होणाऱ्या पासला) १.५, स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉकला (फेक अडवणं) २-२, टर्नओव्हरला (चेंडू गमावायला) उणे ०.५, डबल-डबलला (दोन प्रकारांत दोन आकडी मजल) १.५ जादा. आता एक सेंटर घ्या: १४ गुण, १२ रिबाउंड, ३ असिस्ट, १ ब्लॉक, २ टर्नओव्हर. बेरीज ३६. एक गार्ड घ्या: २४ गुण, त्यात तीन गुणांच्या ३ फेकी, ३ रिबाउंड, ३ असिस्ट, ३ टर्नओव्हर. बेरीज ३२.२५. सकाळी बातमीत गार्डचं नाव येईल, पैसे सेंटरवाल्याला मिळतील. म्हणून जो संघ गुण देत नाही पण रिबाउंड हातचे सोडतो, तोही कुणासाठी तरी ‘चांगला मॅचअप’ असतो.

मी घरात बोलताना ‘सूट’ म्हणतो. ‘हा संघ सेंटरला सूट देतो’, ‘आज गार्डांना मधल्या अंतराची सूट आहे’. कोण, कुणाला, कशाची, तिन्ही गोष्टी वाक्यात आपोआप येतात.

लाल माती
म्हणजे ‘जोड’ बादच?

पहाटे साडेपाच
अजिबात नाही, तिची जागा दुसरी आहे. गोबेरच्या मिनेसोटाचा बचाव २०२३-२४ मध्ये लीगमध्ये पहिला होता. तरी पश्चिमेच्या अंतिम फेरीत डॅलसनं त्यांना ४-१ हरवलं. दुसऱ्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत माणसांची अदलाबदल होऊन गोबेर डॅलसच्या लुका डॉन्चिचसमोर आला, आणि डॉन्चिचनं मागे सरकत त्याच्या तोंडावर तीन गुणांचा फटका मारला. १०९-१०८. नको त्या माणसाला असं बास्केटपासून लांब ओढून समोर आणणं, हे खरं ‘जोड लावणं’. लेखात तिथे वापराच.

चिंचोळी गल्ली
‘सूट’ पटत नाही. ह्या खेळात प्रत्येक खेळाडूला किंमत असते. ‘सेंटरवर सूट’ म्हटलं की वाचकाला वाटणार किंमत उतरली. मी ‘फट’ म्हणेन. बचावात फट असते, ती शोधायची.

पहाटे साडेपाच
किंमतीचा मुद्दा बरोबर. म्हणून ‘-ला सूट’ लिहा, ‘-वर सूट’ नको. किंमत कमी असेल तर सरळ ‘स्वस्त’. ‘फट’ मला कमी पडते, कारण फट चुकून राहते. गोबेर मागे थांबतो तो ठरवून. बास्केटजवळची फेक वाचवायची म्हणून मधली फेक देऊन टाकायची, असा सौदा असतो तो.

कानामात्रा
+१. आणि कृपा करून गार्डला ‘रक्षक’ करू नका. वाचक समजेल हाच बचाव करतोय.

तळटीपवाला
भाचा रोज एक तक्ता उघडतो. कुठला संघ कुठल्या जागेवरच्या खेळाडूला सरासरी किती फँटसी गुण देतो, हिरवा म्हणजे घ्या, लाल म्हणजे सोडा. ह्याला ‘सूट-तक्ता’ म्हणू का?

पहाटे साडेपाच
म्हणा, पण खाली दोन ओळी जोडा. समजा एका संघाविरुद्ध आठ सामन्यांत समोरच्या सेंटरनं ४०-४० केले आणि दोनदा निकोला योकिचसारखा अव्वल सेंटर येऊन ६५-६५ करून गेला. दहा सामन्यांची सरासरी ४५, तक्ता हिरवागार. योकिचनं २०२४-२५ मध्ये अख्ख्या हंगामाची सरासरी ट्रिपल-डबलची (तीन प्रकारांत दोन आकडी) ठेवली होती. त्याला सूट कोण देणार, तो घेऊन जातो. उद्याच्या साध्या सेंटरला त्यातलं काही मिळणार नाही.

दुसरी ओळ वेगाची. काही संघ सामन्याला ९६ ताब्यांवर (चेंडू हातात येण्याच्या खेपांवर) खेळतात, काही १०४. पळत्या संघाविरुद्ध सगळ्यांचेच आकडे फुगतात. ती एका जागेला दिलेली सूट नव्हे. दर १०० ताब्यांमागचा आकडा काढला की खरी सूट उरते. वेगाचा फायदा मी वेगळा धरतो आणि त्याला नुसतं ‘पळता सामना’ म्हणतो. अर्थात सामना एकतर्फी झाला तर मुख्य खेळाडू चौथ्या सत्रात बाकावर टॉवेल घेऊन बसतात, मग सूट चाटत बसायची. खेळण्याची मिनिटं आधी, सूट नंतर.

चिंचोळी गल्ली
एक शंका. ‘संघ लावणे’ला ‘पैसे लावणे’ची सावली आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले, ड्रीम११नंही पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. लेखात स्पष्ट करा की भाचा अमेरिकेत बसून खेळतोय. नाहीतर ‘संघ निवडतो’ लिहा.

तळटीपवाला
‘लावतो’च ठेवतो, सावली खरीच आहे. अमेरिकेचं पहिल्या ओळीत घालतो. एक वाक्य करून पाहिलंय: ‘आज त्यांचा मोठा सेंटर जखमी आहे, बदली माणूस बुटका, म्हणून समोरच्या सेंटरला रिबाउंडची सूट आहे.’

लाल माती
बदली माणूस बुटका, ही मात्र हलकी जोडच हो!

पहाटे साडेपाच
ह्या वाक्यात दोन्ही चालतील, मान्य. फक्त ‘आज’ची काळजी घ्या. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे थंडीत आपली दुसऱ्या दिवसाची पहाट. मराठी वाचक ‘आज’ वाचेल तोवर सामना संपलेला असेल.

कानामात्रा
गोबेरच्या त्या मागे थांबण्याला ते ‘ड्रॉप’ म्हणतात ना? त्याचं काय करणार?

पहाटे साडेपाच
ड्रॉपच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘मागे थांबून केलेला बचाव’ एवढं लिहा आणि पुढे चला.