मदत हवी आहे : टॅप्सी हे हृदयाच्या सोनोग्राफीतले माप नॉर्मल, पण उजवे व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) फुगलेले

सर्वांना नमस्कार. आमच्या अतिदक्षता विभागात एआरडीएसचा (फुप्फुसे सुजून रक्तातला ऑक्सिजन घटतो तो गंभीर विकार) एक रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) १२ असून रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनची मात्रा कालपासून वाढवावी लागत आहे. खाटेजवळ इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा एपिकल फोर चेंबर व्ह्यू (हृदयाच्या टोकाकडून चारही कप्पे दाखवणारे दृश्य) जेमतेम मिळाला, कारण फुगलेले फुप्फुस सतत आड येत होते. त्यातही टॅप्सी १९ मिमी आला, म्हणजे १७ मिमीच्या मर्यादेच्या वर. मात्र सबकॉस्टल (बरगड्यांखालून घेतलेल्या) व्ह्यूमध्ये उजवे व्हेंट्रिकल डाव्याच्या बरोबरीचे दिसते आणि शॉर्ट अॅक्सिसमध्ये (हृदयाच्या आडव्या छेदात) सेप्टम (दोन व्हेंट्रिकलमधला पडदा) सपाट होऊन डावे व्हेंट्रिकल इंग्रजी ‘डी’सारखे होते. फ्रॅक्शनल एरिया चेंज (आकुंचनात उजव्या व्हेंट्रिकलचे क्षेत्रफळ किती घटते ते) सुमारे २८ टक्के भरतो, म्हणजे ३५ टक्क्यांच्या मर्यादेच्या बराच खाली. पण फ्री वॉलची (उजव्या व्हेंट्रिकलच्या बाहेरच्या भिंतीची) कडा पुसट असल्याने हा आकडा मला स्वतःलाच पुरता पटलेला नाही.

टॅप्सी फक्त अॅन्युलसची (ट्रायकस्पिड झडपेच्या कड्याची) उभी हालचाल मोजतो आणि ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन (त्या झडपेतून रक्त उलटे जाणे) जास्त असल्यास किंवा संपूर्ण हृदयच हलत असल्यास तो फसवा चांगला येऊ शकतो, हे माहीत आहे. या रुग्णात रिगर्जिटेशन आहेच. अशा वेळी आपण आकार आणि सेप्टमवर भिस्त ठेवून पीप कमी करून पाहता, की आधी टिश्यू डॉपलरने एस प्राइम (आकुंचनावेळी त्या कड्याच्या हालचालीचा वेग) मोजता? एपिकल व्ह्यू मिळतच नसेल, तर रोजच्या तुलनेसाठी सबकॉस्टलमधून नेमके काय मोजता, हेही कृपया सांगावे.