किल्ली लपवू नका
वर विचारलंय की ७८ वर्षांचे वडील स्कूटर सोडत नाहीत, किल्ली लपवावी का? अजिबात नको. गाडी सुटल्याचं दुःख एक वेळ पचतं, आपल्याच घरात आपल्यामागे निर्णय झाला हे नाही पचत.

वयाच्या ५५ नंतर लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं, नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो. ती तारीख जवळ आली की विषय काढा, मुलांचं टोचतं, डॉक्टरांचं ऐकतात (निदान आमच्याकडे तरी!). त्याआधीच बसची सवय लागू द्या. ७५ पूर्ण झाल्यावर राज्यात एसटी फुकट आहे, २०२२ पासून.

काठीचंही तेच. सासूबाई ऐन थंडीत लांब दांड्याची छत्री घेऊन निघायच्या, टेकत टेकत. काठीचं नाव काढलं की फणकारायच्या. आम्ही गुपचूप छत्रीच्या टोकाला रबरी बूच बसवून आणलं. त्यांनी पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत.

आणि वडील स्कूटरवरून रोज नेमके कुठे जातात ते आधी बघा. भाजी घरपोच येईल, कट्ट्यावरच्या गप्पा येणार नाहीत. तिथे संध्याकाळी त्यांना कोण सोडणार, एवढं मात्र त्यांच्यासमोर बसून ठरवा.