जुन्या कंपनी-कचेऱ्यांत विद्यापीठाचे वर्ग: बडोद्यात जमेल का?

दांडियाबाजारकर: कंपनी शहराबाहेर गेली की तिची जुनी कचेरी ओस पडते आणि मग पाडली जाते. त्यापेक्षा अशा इमारती सयाजीराव विद्यापीठाला द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. फ्रँकफुर्टमधलं आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीचं मुख्यालय बघा. हान्स पोएल्झिगच्या आराखड्यानुसार ते १९२८ ते १९३० मध्ये उभं राहिलं. युद्धानंतर तिथं अमेरिकी लष्कर होतं. २००१ पासून गोएथे विद्यापीठ आहे. न थांबता फिरणाऱ्या पॅटरनॉस्टर लिफ्टसुद्धा जपल्या आहेत.

रावपुरा_स्ट्रक्चर: उदाहरण चांगलं, पण इथं लागू नाही. ती इमारत पोलादी सांगाड्याची आहे. आपल्याकडच्या जुन्या कचेऱ्यांत भार विटांच्या भिंतींवर, आणि मजले गर्डर-जॅक आर्चचे, म्हणजे लोखंडी तुळयांच्या (गर्डरच्या) मधे विटांच्या बुटक्या कमानी. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याप्रमाणे कचेरीच्या मजल्याला चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन भार धरतात (फायलींची खोली वेगळी असेल तर), वर्गाला ३. पुस्तकांच्या मांडण्यांना मात्र किमान ६, म्हणजे जवळजवळ ६०० किलो. विभागाबरोबर त्याचं ग्रंथालय येतंच!

दांडियाबाजारकर: मग पुस्तकं तळमजल्यावर ठेवू.

रावपुरा_स्ट्रक्चर: विश्वामित्री नदीच्या शहरात? ऑगस्ट २०२४ चा पूर इतक्यात विसरलात?

फतेगंज_आर्किटेक्ट: भाराइतकाच माणसांचा हिशेब महत्त्वाचा. राष्ट्रीय बांधकाम संहिता कचेरीत माणशी १० चौरस मीटर धरते, शिक्षणाच्या इमारतीत ४. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या मजल्यावर १०० ऐवजी २५० माणसं. जिना किमान दीड मीटर रुंद हवा. सव्वा मीटरचा सागवानी जिना रुंद करायला गेलात तर जिनाही जातो आणि शेजारची भिंतही. माझा विद्यापीठाला विरोध नाही, सगळं त्याच इमारतीत कोंबण्याला आहे. मागच्या अंगणात वेगळा जिना आणि स्वच्छतागृहं बांधा, म्हणजे पाणी जॅक आर्चपासून लांब राहील. जुन्या खोल्यांत प्राध्यापकांच्या बैठका, पीएचडीवाले, वीस-पंचवीस जणांचे वर्ग. दीडशेच्या वर्गासाठी मधली भिंत काढायची नाही. फ्रँकफुर्टलाही मोठी व्याख्यानगृहं नंतर त्याच आवारात नवी बांधावी लागली.

दांडियाबाजारकर: हे मान्य. पुस्तकं मागच्या नव्या भागात, वरच्या मजल्यावर नेऊ. पण मूळ इमारत धड आहे की नाही, हे कळणार कसं?

रावपुरा_स्ट्रक्चर: छताच्या गिलाव्यात गर्डरच्या रेषेत सरळ तडा दिसला की समजा, आत गंज धरलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून गिलावा खाली ढकलला जातो. पण गर्डर मधे चांगला दिसला म्हणून खूश होऊ नका. तो भिंतीत शिरतो तिथं ओलीमुळे आधी गंजतो. मोरीलगतच्या आणि पन्हाळीखालच्या भिंतींपासून सुरुवात करा. टोकाशी गिलावा उघडा, गंज तारेच्या ब्रशनं खरवडा आणि मग जाडी मोजा. तपासून झालं की बुजवायला चुनाच वापरा. सिमेंटच्या गिलाव्यानं ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि विटांचे पोपडे सुटतात. नव्या विभागाच्या पाटीच्या आधी हे काम.